सिरियल पोर्टला क्लॉक कोणी द्यायचे?

मागील अंकात या सदराच्या शेवटी राउटरचा सिंक्रोनस सिरियल पोर्ट आणि लीज्ड लाइन, म्हणजे सेवादात्याकडून भाड्याने घेतलेली दोन ठिकाणांमधील कायमची लाइन, यांविषयी एक छोटी चौकट छापली होती. या जोडणीत प्रत्येक बिटाबरोबर वेळेचा ठोकाही वेगळ्या तारांवरून जातो आणि तो ठोका, म्हणजेच क्लॉक, एकाच बाजूने द्यायचा असतो, एवढेच तीत सांगितले होते. त्यावर नाशिक आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रे आली. ती वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवली. बहुतेकांनी पोर्टच्या सेटिंग आधी बदलल्या आणि पोर्ट काय सांगतो आहे, ते नंतर पाहिले किंवा पाहिलेच नाही. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. आज्ञांची नावे प्रामुख्याने सिस्कोच्या राउटरवरील आहेत. इतर कंपन्यांत शब्द बदलतात, तत्त्व तेच राहते.

प्रश्न : आमचा कारखाना अंबडला आणि गोदाम सिन्नरला असून दोहोंमध्ये २ मेगाबिटची लीज्ड लाइन आहे. अंबडचा जुना राउटर बंद पडल्यामुळे त्याच्या जागी सिस्कोचा राउटर बसवला. सिन्नरचा राउटर जुनाच आणि दुसऱ्या कंपनीचा आहे. मोडेमवरचे दिवे नेहमीसारखे लागतात. राउटरवर इंटरफेस ‘अप’ दिसतो, पण लाइन प्रोटोकॉल ‘डाउन’ राहतो. इंटरनेटवर वाचून ‘क्लॉक रेट’ ही आज्ञा दिली, तर ती केवळ डीसीई इंटरफेसला लागू होते असा संदेश येतो. आमचा पोर्ट डीसीई कसा करावा? — देखभाल विभागातील एक वाचक, अंबड

उत्तर : आपला पोर्ट डीसीई करायचा नाही. राउटरने दिलेला तो संदेश ही अडचण नसून आपल्या हाती आलेली सर्वांत उपयोगी माहिती आहे, कारण आपल्याला जोडलेली केबल डीटीई प्रकारची आहे आणि क्लॉक देण्याचे काम आपले नाही, हेच राउटर त्यातून सांगतो आहे.

सिंक्रोनस, म्हणजे समकालिक, जोडणीत दोन भूमिका असतात. ज्या उपकरणात माहिती तयार होते किंवा पोहोचते ते डीटीई आणि जे उपकरण लाइनच्या तोंडाशी बसते ते डीसीई. लीज्ड लाइनवर मोडेम किंवा कन्व्हर्टर हा डीसीई असतो आणि राउटर नेहमी डीटीई असतो. मोडेम हा सेवादात्याच्या जाळ्यातून आलेला ठोका राउटरला दोन जोड्यांवरून पुरवतो, एक पाठवण्यासाठी आणि दुसरी घेण्यासाठी, आणि राउटर त्या ठोक्यांवर एकेक बिट ठेवतो व उचलतो. त्यामुळे लाइन ६४ किलोबिटची असो वा २०४८ किलोबिटची, तिचा वेग राउटरमध्ये लिहावा लागत नाही. मोडेम ज्या वेगाने ठोके देईल, त्याच वेगाने राउटर चालतो.

सिस्कोच्या राउटरवर ही भूमिका सॉफ्टवेअरमधून ठरत नाही, ती केबलवरून ठरते. राउटरच्या बाजूला ६० पिनांचा किंवा २६ पिनांचा छोटा ‘स्मार्ट सिरियल’ कनेक्टर असतो आणि केबलच्या आतील काही तारांच्या जोडणीवरून राउटरला कळते की पलीकडे व्ही.३५ प्रकारची जोडणी आहे, एक्स.२१ प्रकारची आहे की आणखी काही, आणि आपण डीटीई आहोत की डीसीई. व्ही.३५ च्या डीटीई केबलला मोडेमच्या बाजूने पिना बाहेर असलेला ३४ पिनांचा चौकोनी ठोकळा असतो, तर डीसीई केबलला त्याच जागी छिद्रे असतात. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे व्ही.३५ हे नाव सीसीआयटीटी या दूरसंचार मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या ज्या शिफारशीवरून आले, ती मुळात ४८ किलोबिटच्या मोडेमसाठी होती आणि १९८८ साली ती कालबाह्य ठरवली गेली. तरीही तो चौकोनी ठोकळा त्याच्या कितीतरी पट वेगाच्या लाइनवर वापरात राहिला.

आता आपल्या दोषाकडे वळू. ‘शो इंटरफेसेस’ या आज्ञेच्या पहिल्या ओळीत दोन शब्द असतात आणि ते वेगवेगळ्या थरांविषयी बोलतात. पहिला शब्द ‘डाउन’ असेल, तर मोडेमकडून वाहक असल्याची खूण, म्हणजे डीसीडी हा संकेत, राउटरपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी केबल, मोडेमचा वीजपुरवठा आणि सेवादात्याची लाइन तपासावी. पहिला शब्द ‘अप’ आणि दुसरा ‘डाउन’ असेल, तर विजेचे संकेत मिळत आहेत, पण दोन राउटरांचा एकमेकांशी संवाद होत नाही. ‘अप’च्या पुढे ‘लूप्ड’ असे दिसले, तर वाटेत कोठेतरी, बहुधा मोडेमवर, चाचणीसाठी लावलेला लूप काढायचा राहून गेलेला असतो आणि राउटरला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असतो. आपले दुखणे दुसऱ्या प्रकारचे आहे.

त्याची कारणे मुख्यतः तीन. क्लॉक येत नसेल, दोन्ही टोकांचे एन्कॅप्स्युलेशन, म्हणजे माहिती गुंडाळून पाठवण्याची पद्धत, जुळत नसेल, किंवा पलीकडचा राउटर बंद असेल. यांतील पहिले कारण एका आज्ञेने निकालात निघते. ‘शो कंट्रोलर्स सिरियल’ आणि पुढे पोर्टचा क्रमांक असे लिहिले की अनेक राउटरांवर सुरुवातीलाच केबलचा प्रकार, डीटीई की डीसीई आणि ‘टीएक्स’ (पाठवण्याचे) व ‘आरएक्स’ (घेण्याचे) ही दोन्ही क्लॉक सापडली की थांबली आहेत, हे दिसते. त्यानंतर ‘शो इंटरफेसेस’च्या शेवटच्या ओळीत डीसीडी, डीएसआर, डीटीआर, आरटीएस आणि सीटीएस हे पाचही संकेत ‘अप’ आहेत का ते पाहावे आणि सीआरसी, फ्रेम व अबॉर्ट हे चुकांचे आकडे पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा टिपावेत. क्लॉक सापडले आहे, पाचही संकेत ‘अप’ आहेत आणि चुकांचे आकडे वाढत नाहीत, असे आढळले तर क्लॉकचा विषय तेथेच संपवावा.

आपण दिलेल्या वर्णनावरून मला दुसऱ्या कारणाची शंका येते आणि ती बरीच पक्की आहे. सिस्कोच्या सिरियल पोर्टवर काहीच लिहिले नाही, तर एन्कॅप्स्युलेशन एचडीएलसी असते. मूळ एचडीएलसीच्या चौकटीत, म्हणजे फ्रेममध्ये, आतला मजकूर कोणत्या प्रोटोकॉलचा आहे, हे सांगणारी जागा नाही, म्हणून सिस्कोने तीत स्वतःचा एक रकाना घातला आणि त्यामुळे ती चौकट इतर बहुतेक कंपन्यांच्या राउटरांना कळत नाही. दोन कंपन्यांचे राउटर समोरासमोर असतील, तेव्हा दोघांना समजणारे पीपीपी वापरणे हाच सरळ मार्ग असतो. त्याचे प्रमाणभूत वर्णन १९९४ सालच्या आरएफसी १६६१ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात आहे. आपला जुना राउटर सिन्नरशी पीपीपीनेच बोलत असावा आणि नवा राउटर मात्र न विचारता एचडीएलसी बोलतो आहे. सिन्नरच्या राउटरवरील सेटिंग आधी वाचून घ्यावी आणि तेथे पीपीपी असेल, तर अंबडच्या पोर्टवर ‘एन्कॅप्स्युलेशन पीपीपी’ एवढी एकच ओळ लिहावी. ती लिहिल्यानंतरही लाइन क्षणभर उठून पुन्हा बसत असेल, तर जुन्या राउटरवर चॅप किंवा पॅप प्रकारची ओळख-तपासणी होती का आणि तिचे नाव व पासवर्ड नव्या राउटरमध्ये लिहायचे राहिले का, ते पाहावे.

दोन्ही टोकांना सिस्को असून एचडीएलसी असेल आणि तरी असे होत असेल, तर ‘डीबग सिरियल इंटरफेस’ ही आज्ञा फार बोलकी आहे. राउटर दर १० सेकंदांनी एक कीपअलाइव्ह, म्हणजे ‘मी जागा आहे’ असा छोटा निरोप, पाठवतो आणि त्यात आपला क्रमांक व समोरच्याकडून शेवटचा ऐकलेला क्रमांक असे दोन्ही सांगतो. आपला क्रमांक वाढतो आहे, पण समोरच्याने ऐकलेला आपला क्रमांक जागीच आहे, असे दिसले की आपले बोलणे पलीकडे पोहोचत नाही, हे सिद्ध होते. समोरच्याचा क्रमांक मात्र वाढत असेल, तर त्याचे बोलणे आपल्यापर्यंत येत आहे. दोष लाइनच्या कोणत्या दिशेला आहे, हे सेवादात्याला फोन करण्याआधीच अशा रीतीने सांगता येते.

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आम्ही दोन राउटर मोडेमशिवाय थेट जोडतो. पहिल्या राउटरवर क्लॉक रेट दिला की कधी चालते, कधी राउटर आज्ञाच घेत नाही. तसेच क्लॉक रेट आणि बँडविड्थ यांतील फरक स्पष्ट होत नाही. आम्ही दोन्ही ठिकाणी ६४००० लिहितो. — तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : प्रयोगशाळेत मोडेम नसतो, म्हणून दोन राउटरांपैकी एकाला त्याची जागा घ्यावी लागते आणि ती जागा कोणी घ्यायची, हे केबलच्या टोकावरून ठरते, पहिला राउटर कोणता आणि दुसरा कोणता, याला येथे काहीच अर्थ नाही. दोन्ही टोके दिसायला सारखी असलेली केबल कोणी उलटी लावली, की कालपर्यंत आज्ञा घेणारा राउटर आज ती नाकारतो. केबलवर डीसीई असे लिहिलेले टोक शोधावे किंवा दोन्ही राउटरांवर ‘शो कंट्रोलर्स’ पाहावे आणि ज्याच्यावर डीसीई दिसेल, त्यालाच क्लॉक रेट द्यावा. सिस्कोच्या अनेक नंतरच्या आवृत्त्यांत डीसीई टोकावर २०००००० हा दर आपोआप लिहिलेला असतो, त्यामुळे क्लॉक रेट न देताही जोडणी सुरू झालेली दिसते. सरावासाठी पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचे आभासी जाळ्याचे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर केबलच्या डीसीई टोकाशी घड्याळाचे छोटे चिन्ह दिसते, तेथे ते पाहण्याची सवय ठेवावी.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि तो तुम्ही विचारला, याचा मला आनंद वाटला. क्लॉक रेट हा खरा ठोका आहे. तो बिटांत मोजतात आणि तो बदलला की तारेवरचा वेग खरोखर बदलतो. बँडविड्थ ही आज्ञा तारेला हातही लावत नाही. मार्ग निवडणाऱ्या ओएसपीएफ आणि ईआयजीआरपी यांसारख्या प्रोटोकॉलांना ही लाइन किती रुंद आहे, हे सांगण्यासाठी लिहिलेली ती एक नोंद आहे आणि ती किलोबिटांत लिहायची असते. म्हणून ६४ किलोबिटच्या जोडणीवर क्लॉक रेट ६४००० आणि बँडविड्थ फक्त ६४ असे लिहावे. बँडविड्थमध्ये ६४००० लिहिले, तर राउटर ती लाइन ६४ मेगाबिटची समजतो.

याचा परिणाम किती दूर जातो, ते आकड्यांत पाहावे. ओएसपीएफ नेहमीच्या सेटिंगमध्ये १० कोटीला बँडविड्थने भागून मार्गाची किंमत काढते आणि अपूर्णांक सोडून देते. ६४ किलोबिटच्या लाइनची किंमत १५६२ येते, २०४८ किलोबिटच्या लाइनची ४८ येते आणि काहीच न लिहिलेल्या सिरियल पोर्टची, १५४४ किलोबिट गृहीत धरल्यामुळे, ६४ येते. बँडविड्थमध्ये ६४००० लिहिलेल्या लाइनची किंमत मात्र १ येते. पूर्वी सिन्नरच्या एका कारखान्यात मी स्वतः राखीव असलेल्या ६४ किलोबिटच्या लाइनवर हीच चूक केली होती. मुख्य लाइन २ मेगाबिटची आणि पूर्णपणे निर्दोष असूनही सगळी वाहतूक त्या अरुंद लाइनवरून जाऊ लागली, दिवसभर कारखान्याच्या नोंदी खोळंबल्या आणि सगळे मुख्य लाइनमध्येच दोष शोधत राहिले. दोन्ही लाइन ‘अप’ होत्या, एकही चूक मोजली जात नव्हती, म्हणून कोणाला शंकाही आली नाही. तेव्हापासून मी बँडविड्थचा आकडा लिहिल्यावर ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस’मध्ये किंमत किती आली, ते वाचल्याशिवाय उठत नाही आणि तुम्हीही आतापासूनच तसे करावे, असे मनापासून वाटते.

प्रश्न : नाशिक रोड येथील आमच्या कार्यालयात सर्व्हर रूम दुसऱ्या मजल्यावर हलवली. मोडेम खालीच राहिला आणि व्ही.३५ केबल वाढवून सुमारे २० मीटर केली. पूर्वी ६४ किलोबिटची लाइन होती, तेव्हा काही त्रास नव्हता. अलीकडे ती २ मेगाबिटची करून घेतली आणि तेव्हापासून पुण्याच्या कार्यालयातील राउटरवर सीआरसी आणि अबॉर्ट वाढत आहेत. आमच्या राउटरवर मात्र एकही चूक नाही. सेवादात्याने लूप लावून चाचणी केली आणि लाइन स्वच्छ असल्याचे सांगितले. — संगणक विभाग, नाशिक रोड

उत्तर : आपण चुका कोठे दिसतात आणि कोठे दिसत नाहीत, हे दोन्ही कळवलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. दोष लाइनमध्ये नाही, आपल्या २० मीटरच्या केबलमध्ये आहे. आणि केबल खराब आहे, असेही नाही.

ठोका मोडेमकडून निघतो, केबलमधून वर आपल्या राउटरपर्यंत येतो, राउटर त्या ठोक्यावर आपला बिट ठेवतो आणि तो बिट त्याच केबलमधून खाली मोडेमपर्यंत जातो. मोडेम मात्र हा बिट स्वतःजवळच्या मूळ ठोक्याने, बिटाच्या मध्यावर वाचू पाहतो. तांब्याच्या तारेत संकेताला मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे वर येताना १०० आणि खाली जाताना १०० असे २०० नॅनोसेकंद केबलमध्येच जातात आणि दोन्ही उपकरणांतील मंडलांचा विलंब त्यात आणखी भर घालतो. २०४८ किलोबिटच्या वेगात एका बिटाचे आयुष्य ४८८ नॅनोसेकंद असते आणि त्याचा मध्य २४४ नॅनोसेकंदांवर येतो. मोडेम ज्या क्षणी वाचायला जातो, नेमक्या त्याच सुमारास बिट बदलत असतो, म्हणून कधी योग्य बिट हाती लागतो आणि कधी शेजारचा. ६४ किलोबिटच्या वेगात हाच बिट १५६२५ नॅनोसेकंद टिकत होता, तेव्हा दोन-अडीचशे नॅनोसेकंदांच्या विलंबाने काहीही बिघडत नव्हते.

येणाऱ्या दिशेला हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिकडे ठोका आणि बिट दोन्ही मोडेमकडून बरोबरच निघतात आणि सारखाच प्रवास करतात. म्हणूनच आपला राउटर निर्दोष दिसतो आणि आपण पाठवलेल्या बिटांतील चुका पुण्याच्या राउटरवर मोजल्या जातात. सेवादात्याची चाचणी मोडेमपाशी संपते, मोडेमपासून वर गेलेली केबल तीत येतच नाही, त्यामुळे त्याचे म्हणणेही खरे आहे.

उपाय तीन आहेत आणि त्यांपैकी पहिला मला सर्वांत पसंत आहे. राउटर खाली मोडेमच्या शेजारी ठेवावा, मूळची आखूड व्ही.३५ केबल पुन्हा लावावी आणि वरच्या मजल्यापर्यंत इथरनेटची केबल न्यावी. इथरनेटच्या तांब्याच्या केबलला १०० मीटरपर्यंत मुभा आहे, तर व्ही.३५ साठी सिस्कोच्या माहितीपुस्तिकांत १५४४ किलोबिटच्या वेगाला सुमारे १५ मीटरचीच मर्यादा दिलेली आहे. खाली स्वच्छ जागा किंवा खात्रीची वीज नसल्यामुळे हे शक्य नसेल, तर मोडेममध्ये ‘टर्मिनल टायमिंग’ ही सोय आहे का ते पाहावे. ती चालू केली की राउटर बिटांबरोबर तोच ठोका परत पाठवतो, मोडेम त्या परतलेल्या ठोक्याने बिट वाचतो आणि दोघांचा विलंब सारखा झाल्यामुळे केबलची लांबी निष्प्रभ होते. मोडेममध्ये तीही सोय नसेल, तरच राउटरवर ‘इन्व्हर्ट टीएक्सक्लॉक’ ही आज्ञा द्यावी. ती पाठवण्याचा ठोका अर्ध्या बिटाने सरकवते, म्हणजे आपल्या बाबतीत २४४ नॅनोसेकंदांनी, आणि वाचण्याचा क्षण बिटाच्या कडेपासून दूर जातो. जुनिपरच्या राउटरवर हीच सोय सिरियल पोर्टच्या पर्यायांत ‘ट्रान्समिट क्लॉक इन्व्हर्ट’ या नावाने मिळते.

या तिसऱ्या उपायाबद्दल एक कळकळीची सूचना आहे. ही आज्ञा औषधासारखी नेमक्या दुखण्यावरच द्यायची असते. जेथे केबल आखूड आहे आणि ठोका बरोबर जुळलेला आहे, तेथे ती दिली तर चांगली चाललेली लाइन बिघडते. म्हणून आधी पुण्याच्या राउटरवरील आकडे शून्यावर आणून कामाच्या वेळेतील एका तासाच्या चुका टिपाव्यात, आज्ञा दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याच तासाच्या पुन्हा टिपाव्यात आणि आकडा शून्याजवळ आला नाही, तर आज्ञा काढून टाकावी. चुका केवळ निम्म्यावर येणे हे यश समजू नये.

प्रश्न : सातपूर येथे आमच्याच आवारातील दोन इमारतींमध्ये स्वतःची तांब्याची जोडी असून दोन्ही टोकांना बेसबँड मोडेम आणि राउटर आहेत. वेग २०४८ किलोबिट ठेवला आहे. दिवसा दर दोन मिनिटांच्या सुमारास दोन्ही राउटरांवर एखादी चूक मोजली जाते, रात्री ती फारशी दिसत नाही. केबल नवीन आहे. — एक वाचक, सातपूर

उत्तर : चुका इतक्या नियमित अंतराने येतात, तेव्हा केबलपेक्षा घड्याळाची शंका आधी घ्यावी. दोन्ही मोडेमवर क्लॉकची सेटिंग ‘इंटर्नल’ ठेवलेली असावी. आपल्या जोडणीत सेवादाता नाही, त्यामुळे दोन्ही टोकांनी आपापले घड्याळ चालवले, तर त्यांना एका तालावर ठेवणारे कोणी उरत नाही.

कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी नसतात. जी.७०३ या दूरसंचार मानकाच्या शिफारशीत २०४८ किलोबिटच्या क्लॉकला दशलक्षात ५० इतका फरक चालतो, म्हणजे सेकंदाला १०२ बिटांची तफावतही नियमात बसते. आपली घड्याळे त्यापेक्षा पुष्कळ जवळ असावीत. ई१ प्रकारच्या (२०४८ किलोबिटच्या लाइनच्या) रचनेत २५६ बिटांची एक चौकट १२५ मायक्रोसेकंदांत जाते. दोन घड्याळांत दशलक्षात फक्त एकाचा फरक असला, तरी १२५ सेकंदांत एका पूर्ण चौकटीइतकी तफावत साचते आणि मोडेमला एक चौकट टाकून द्यावी लागते किंवा दोनदा पाठवावी लागते. आपली ‘दर दोन मिनिटांनी’ ही नोंद याच हिशेबात बसते. रात्री लाइन रिकामी असते, तेव्हा तीवरून फक्त चौकटींच्या सीमा दाखवणारी ०११११११० ही खूण पुन्हा पुन्हा जात असते. त्यातील काही खुणा गळाल्या, तरी राउटरला त्याचे काही वाटत नाही.

एका मोडेमचे क्लॉक ‘इंटर्नल’ ठेवावे आणि दुसऱ्याचे ‘लाइन’ करावे. काही मोडेमवर या दुसऱ्या पर्यायाला ‘लूप’ किंवा ‘रिकव्हर्ड’ म्हणतात. दोन्ही राउटर डीटीईच राहतील. ही लाइन पुढे कधी सेवादात्याच्या जाळ्यातून नेली, तर मात्र दोन्ही मोडेम ‘लाइन’वर ठेवावेत, कारण तेव्हा घड्याळ सेवादात्याचे असेल. सर्व बदल मोडेमवरच करायचे आहेत, राउटरला हात लावण्याचे कारण नाही.

प्रश्न : इगतपुरीजवळच्या आमच्या केंद्रात सिरियल पोर्टला रेडिओ मोडेम जोडला आहे. तो डीसीडीचा संकेतच देत नाही, त्यामुळे दुवा सुरू असूनही पोर्ट ‘डाउन’ राहतो. काय करावे? — एक तंत्रज्ञ, इगतपुरी

उत्तर : मोडेमच्या सेटिंगमध्ये डीसीडी कायम चालू ठेवण्याचा पर्याय आहे का, ते आधी पाहावे. नसेल, तर राउटर डीटीई असताना ‘इग्नोर डीसीडी’ ही आज्ञा देता येते; मग राउटर डीसीडीऐवजी डीएसआर या संकेताकडे पाहून पोर्ट सुरू असल्याचे ठरवतो. मात्र यानंतर पावसात किंवा धुक्यात रेडिओ दुवा तुटला, तर राउटरला ते संकेतावरून लगेच कळणार नाही आणि कीपअलाइव्हची उत्तरे थांबल्यावर, नेहमीच्या सेटिंगमध्ये साधारण अर्ध्या मिनिटाने, लाइन प्रोटोकॉल खाली येईल. म्हणून ‘इग्नोर डीसीडी’ दिलेल्या पोर्टवर ‘नो कीपअलाइव्ह’ कधीही देऊ नये. दोन्ही आज्ञा एकत्र आल्या, तर दुवा तुटूनही पोर्ट ‘अप’ दिसत राहील आणि राखीव मार्ग सुरूच होणार नाही.

प्रश्न : मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, की आमच्याकडे मोडेम किंवा राउटरचा सिरियल पोर्ट जातो. दोन वर्षांत असे तीनदा झाले. पोर्ट वाचवण्यासाठी आणि बदलल्यास तो लवकर सुरू करण्यासाठी काय करावे? — लघुउद्योजक, सिन्नर

उत्तर : विजेचा झटका बहुधा बाहेरून आलेल्या तांब्याच्या जोडीवरून मोडेममध्ये शिरतो आणि तेथून केबलवाटे राउटरपर्यंत जातो. जोडी इमारतीत येते तेथे गॅस डिस्चार्ज प्रकारचा संरक्षक बसवावा आणि त्याची अर्थिंग प्रत्यक्ष मोजून घ्यावी. मोडेम आणि राउटर एकाच यूपीएसवर आणि एकाच अर्थिंग पट्टीवर असावेत. व्ही.३५ मध्ये माहिती आणि क्लॉक यांना प्रत्येकी दोन तारांची जोडी असते, पण डीसीडी, डीटीआर यांसारखे नियंत्रणाचे संकेत एकेका तारेवर असून सर्वांची परतीची तार एकच असते. दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये फरक पडला, की तो याच तारेवर येतो. वीज चालू असताना व्ही.३५ केबल काढू किंवा लावू नये. आधी पोर्टवर ‘शटडाउन’ द्यावे, मोडेम बंद करावा आणि मग केबलला हात लावावा.

पोर्ट बदलण्याच्या वेळेसाठी आजच, लाइन सुरळीत असताना, पाच गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. केबलचा प्रकार आणि भूमिका, मोडेममधील क्लॉकची सेटिंग, एन्कॅप्स्युलेशन आणि पीपीपी असल्यास ओळख-तपासणीचा प्रकार, किलोबिटांतील बँडविड्थ, आणि पोर्टवर इन्व्हर्ट किंवा इग्नोर यांसारखी एखादी खास आज्ञा दिली असल्यास ती व तिचे कारण. पासवर्ड त्या कागदावर लिहू नये, तो वेगळा आणि कुलपात ठेवावा. एक डीटीई केबल सुटी आणून तिच्यावर खडबडीत चिठ्ठी न लावता नीट छापील पट्टी लावावी आणि तो कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवावा.